प्राप्त नमुन्यापुरते

दूध काढायला म्हणून आसावरीने फ्रिज उघडला आणि लोण्याच्या कप्प्यात तिला स्वतःची सही दिसली. रविवारची सकाळ होती, कर्जतचं माहेरचं स्वयंपाकघर, मागे गॅसवर चहाचं आधण. कप्प्यात आईच्या इन्सुलिनशेजारी निळ्या टोपणांच्या बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्या होत्या, त्यांच्याभोवती कागद गुंडाळून वर रबर लावलेलं. कागदाच्या बाहेरच्या घडीवर तिचं नाव होतं, तिच्याच अक्षरात, ठसठशीत वेलांटीसकट. आधी तिला वाटलं, बाबांनी आपलं काहीतरी जुनं जपून ठेवलंय. बाबांचं जपणं असंच कुठेही असतं. तिचं दहावीचं हॉल तिकीट एकदा पिठाच्या डब्यात निघालं होतं. मग रबर काढून तिने कागद उलगडला. वर ती काम करते त्या प्रयोगशाळेचं नाव, मधे एका पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासारख्या औषधाचं नाव, शुद्धता नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर, खाली तिची सही. आणि सहीच्या लगेच खाली कागद कात्रीने सरळ कापलेला. कापून टाकलेल्या पट्टीत काय होतं ते तिला झोपेतही म्हणून दाखवता आलं असतं. निष्कर्ष केवळ प्राप्त नमुन्यापुरते मर्यादित. फक्त शुद्धता तपासली आहे. निर्जंतुकता व इतर चाचण्या केलेल्या नाहीत. माणसांवरील वापरासाठी हे प्रमाणपत्र नाही. बारीक टायपातल्या ओळी, आणि कुणीतरी त्या नखं कापावीत तशा कापून टाकल्या होत्या.

"मिळालं का गं दूध?" बाबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं. "आणि माझं औषध आहे तिथे, पाडशील हं."

"हे कुठून आणलंत?"

"स्वप्नीलकडून. शिळफाट्याला त्याचं ते व्यायामाचं आहे ना, तिथून. गुडघ्यासाठी. आई देते टोचून, तिला स्वतःचं टोचायची सवयच आहे." मग थोडं थांबून, जरासं लाजून म्हणाले, "तुला सांगणारच होतो. पण तुला काय सांगायचं, तुझंच तर आहे ते. त्याने कागद दाखवला, मी सही बघितली, म्हटलं आता विचारायचं काय राहिलं?"

आधण उतू जाऊन गॅस विझला तरी आसावरी फ्रिजचं दार धरून उभीच होती.

तेव्हापासून 'आता विचारायचं काय राहिलं' हे वाक्य तिच्या पाठीमागे लागलं होतं. मंगळवारच्या दुपारीही, चौकच्या पुढे जुन्या हायवेपासून आत, गोदामांच्या रांगेतल्या त्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मजीव विभागाच्या काचेबाहेरच्या बाकावर ती बसली होती आणि ते वाक्य शेजारी बसलं होतं. काचेपलीकडे सुनंदाची पाठ दिसत होती. सुनंदा सूक्ष्मजीव विभागाची प्रमुख, डोंगराखालच्या ठाकरवाडीतून शिकून आलेली, हाताने इतकी स्थिर की तिच्या हातातलं पाणी हलत नाही असं सगळे म्हणत. तिने नुकत्याच बारक्या नळ्यांची एक रांग कोमट पाण्याच्या भांड्यात उभी केली होती. नळ्यांत बाबांच्या बंद बाटल्यांतली भुकटी विरघळवून घातली होती आणि सोबत एक रस, समुद्रातल्या एका जुनाट कवचधारी प्राण्याच्या निळ्या रक्तापासून काढलेला. मेलेल्या जंतूंची सालं औषधात असली की हा रस गोठतो. जंतू उकळून मारता येतात, पण त्यांची सालं उकळूनही जात नाहीत, आणि ती टोचली गेली की माणसाला थंडी वाजून ताप भरतो. तासभर नळ्यांना धक्का लागू द्यायचा नाही. मग एकेक नळी उचलून अलगद उलटी करायची. आतलं ओघळलं तर बाटली स्वच्छ, गोठून जागच्या जागी राहिलं तर घाण. सुनंदा याला दही लावणं म्हणायची. दही लावलं की ती दाराशी लाल बादली आडवी ठेवायची, आणि मग लॅबच्या मालकालाही आत पाय टाकायची सोय नसे. बाहेर गतिरोधकावरून एखादा कंटेनर धडधडत गेला की ती काचेतून हायवेच्या दिशेने असं बघायची की ड्रायव्हरने ते बघितलं असतं तर गाडी हळू घेतली असती.

आसावरीला आत जायला मुभा नव्हती ती मात्र बादलीमुळे नव्हे. घरच्या माणसाचा नमुना घरच्या माणसाने तपासायचा नाही, असा नियम होता, आणि तो कुणी पाळो न पाळो, ती पाळायची. सोमवारी सकाळी तिने बाटल्या नेऊन लॅबच्या मालकासमोर ठेवल्या. मालक म्हणजे अजेय, तिचाच कॉलेजचा वर्गमित्र. त्याला तिने सगळं सांगितलं, बाटल्यांवर नुसता क्रमांक घालून घेतला आणि बाजूला झाली. सुनंदाला त्या बाटल्या कुणाच्या हे माहीत नव्हतं. यंत्रावरचं काम अजेयने स्वतः केलं होतं. आज सकाळी त्याने तिला बोलावून पडदा दाखवला. पडद्यावर पेप्टाइडचा सुळका उभा राहायला हवा होता, तिथे सरळ सपाट रेघ होती. "तीनही बाटल्या रिकाम्या आहेत गं," तो म्हणाला. "भुकटी मॅनिटॉलची आहे नुसती. बाटली भरलेली दिसावी म्हणून घालतात ते. पेप्टाइड औषधालाही नाही." आणि तिचा चेहरा बघून घाईने म्हणाला, "आपला रिपोर्ट बरोबर होता. विकणाऱ्यांनी आपल्याकडे पाठवलेली बाटली चांगली होती. नंतर त्यांनी बाहेर काय विकलं त्याला आपण काय करणार?" हे अगदी खरं होतं. आसावरीला आयुष्यात इतकं खरं वाक्य इतकं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं. बरोबर होता, बरोबर होता, असं ती जिना उतरताना मनाशी म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी आईचा हात दिसत राहिला, चष्मा नाकावर ओढून बाबांच्या पोटाची चिमूट धरून सुई आत घालणारा. आईने सुईआधी कागद वाचला असेल का? नसेल. आई तिचं नाव बघून हसली असेल आणि टोचलं असेल.

सही अशी करावी की दुसऱ्याला वाचता यावी, हे बाबांनीच शिकवलेलं. लॅबमधले बाकीचे लोक सही म्हणून मुंगीने शाईत पाय बुडवून कागदावर धावावं तसलं काहीतरी करत. आसावरी मात्र पूर्ण नाव लिहायची, मराठीत. तिचे बाबा हरी गुप्ते यांचं कर्जतच्या बाजारात विजेच्या सामानाचं दुकान होतं, पण तालुक्याला ते ठाऊक होते कबड्डीचे पंच म्हणून. रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून कधी चौकला, कधी खालापूरच्या कुठल्या गावात, आणि लहानपणी स्कूटरवर मागे आसावरी. सामना संपला की गुणपत्रकावर बाबा पूर्ण नावाने सही करायचे, हरलेल्या संघाकडे वळून, सगळ्यांना दिसेल अशी. ज्याला आपल्या निर्णयाबद्दल तक्रार आहे त्याला आपलं नाव तरी नीट कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. एकदा चौकच्या मैदानावर अंतिम सामना होता आणि कर्जतच्या संघात तिचा चुलतभाऊ चढाईला होता. बाबांनी सकाळीच शिट्टी काढून दुसऱ्या पंचांच्या हातात दिली. "घरचा गडी मैदानात आहे, मी बाहेर बसतो." त्या दिवशी आसावरी त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसली होती. चुन्याच्या रेघेवरचा प्रत्येक पाय बाबांना दिसत होता, चूक कुठे झाली ते त्यांच्या बोटांना कळत होतं, बोटं आपोआप ओठांकडे जात होती आणि तिथे शिट्टी नव्हती. तिला तेव्हा गंमत वाटली होती. आज काचेबाहेर बसल्यावर तिच्या लक्षात आलं की तेव्हा बाबांच्या अंगात थरथर होती आणि आपण ती थंडीची समजून त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला होता.

सुनंदाने पाण्याच्या तापमानाकडे एकदा वाकून बघितलं आणि ती पुन्हा आपल्या स्टुलावर बसली. आसावरीने मांडीवरचे हात बदलले. डावा उजव्यावर होता तो उजवा डाव्यावर घेतला. काल संध्याकाळी ती शिळफाट्याला उतरून स्वप्नीलच्या व्यायामशाळेत गेली होती. हार्डवेअरच्या दुकानावरचा पहिला मजला, आरसे, घामाचा आणि रबराचा वास, आणि भिंतीवर कबड्डीच्या संघांचे फोटो. त्यांतल्या एका फोटोत कोपऱ्यात बाबा उभे होते, शिट्टीसकट. भांडायचंच असं ठरवून ती चढली होती. स्वप्नील तिला बघून धावत आला, खुर्ची पुसली, पोऱ्याला न पाठवता स्वतः खाली जाऊन चहा घेऊन आला. एके काळी खालापूर तालुक्यातला चढाईचा पहिला गडी होता तो. गुडघा फाटला आणि खेळ संपला.

"नाय ओ ताई, मी कशाला कापू?" तो म्हणाला. "कागद वरनंच असा येतो, मालाच्या डब्यात. माल देनारा ठान्याचा हाय. टेस्टिंगला बाटली बी त्येच पाठवतात, मी नाय."

"मग तुला कसं कळलं की डब्यातल्या बाटलीत तेच आहे?"

"कागद हाय ना." मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. जुन्या ऑपरेशनचा लांब व्रण होता, आणि गुडघा अजून सुजलेला. "मी पन तेच घेतो ताई. दुसऱ्याला देतो आनि सोता घेत नाय, असा मी नाय."

तिच्या मनात आणलेलं भांडण तिथेच बसकण मारून बसलं. पूर्ण निकाल येईपर्यंत स्वतः घेऊ नकोस आणि कुणाला देऊही नकोस, असं तिने त्याच्याकडून वदवून घेतलं. तो हो म्हणाला, पण उतरताना जिन्यावरून हाक मारून म्हणाला, "काकांना विचारा ना पन, किती फरक हाय! आले तेवा रिक्षातनं उचलून वर आनलेलं. आता?"

आता. हीच तर खरी गोम होती. ताप, घाण, लॉट नंबर, ठाण्याचा माणूस, हे सगळं आसावरीला जमण्यासारखं होतं. त्यासाठी कागद होते, औषध प्रशासनाचं कार्यालय होतं, आणि अजेयला वाकवायला ती पुरेशी होती. पण बाबा दोन वर्षं खिडकीशी खुर्चीत बसून होते. गुडघ्यांनी असहकार पुकारला तसं आधी मैदान सुटलं, मग बाजार, मग गच्ची. गच्ची सुटली तेव्हा बाबा पहिल्यांदा गप्प झाले. घर दुमजली, साधंच, पण गच्चीवरून माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला दिसायचा आणि सकाळचा चहा तिथेच घ्यायचा हा त्यांचा नेम. तो चहा खुर्चीवर आला आणि गार होऊन परत जायला लागला. आसावरीने डॉक्टर केले, पट्टे आणले, ऑपरेशनचं काढलं, ज्यावर बाबा म्हणाले, "या वयात कुठे सुतारकाम काढतेस?" व्यायाम सांगितले तर, "कशाला? चालून जायचं कुठे आहे?" मग मध्यंतरी कुणीतरी त्यांना स्वप्नीलकडे नेलं, आणि पंधरा-वीस दिवसांत आईचा फोन आला, रडत आणि हसत: "अगं, हे वर गेले. कठड्याला धरून, पण आपले आपण गेले. कपबशी घेऊन!" तेव्हा आसावरीने लॅबच्या दारामागे जाऊन डोळे पुसले होते. कारण विचारलं नव्हतं. रोज उठून मागायची अशी गोष्ट मिळाल्यावर पावती कोण मागतं?

आणि रविवारी तिने बंद बाटल्या पर्समध्ये टाकल्या आणि बाबांना म्हणाली, "दोन-तीन दिवस थांबा, फ्रिज फार थंड आहे, तपासून देते." धड खरं नाही, धड खोटं नाही. बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही. तिच्या हातात बाटल्या देताना उलट त्यांना केवढा अभिमान वाटत होता.

मोबाइल मांडीवर थरथरला. आई होती. आसावरी उठून लांब, पार्किंगच्या दाराशी गेली, पावलांचा आवाज न करता.

"कधी देतेस गं ते?" आईचा आवाज दबका होता, म्हणजे बाबा जवळ होते. "आज गेले नाहीत वर. कालही नाही. सकाळपासून खुर्चीत आहेत. म्हणतात, औषध उतरलं अंगातून. व्यायामही नाही केला, ती वाळूची बाटली पायाला बांधून पाय उचलायचे ना, ती तशीच पडलीये. तो स्वप्नील म्हणाला होता, औषध लागू पडायचं तर रोज पाय हलवायला हवा. हे म्हणतात, औषधच नाही तर हलवू कशाला? तू संध्याकाळपर्यंत आणशील ना?"

"ताप आला होता का गं त्यांना मध्ये?"

"दोनदा हुडहुडी भरली होती. गेल्या आठवड्यात. मी म्हटलं हवा बदलतेय. का गं?"

"सांगते. फोन करते तासाभरात."

परत येऊन बसली तर बाक तेवढ्यात गार झाला होता. रस्त्यापलीकडे गोदामाच्या पत्र्यावर ऊन चकाकत होतं, त्यामागे हिरवा डोंगर, आणि त्या हिरव्यावर कुणाच्या तरी बंगल्याची प्लॉट नंबरची पाटी. तिला एकाएकी एक कल्पना सुचली, आणि ती इतकी सोपी होती की तिला घाम फुटला. लॅबमध्ये मॅनिटॉल आहे. निर्जंतुक पाणी आहे. बाटल्या आहेत, टोपणं आहेत, अगदी निळीसुद्धा. तासाभरात ती तशाच बाटल्या भरू शकली असती, त्यांच्याहून कितीतरी स्वच्छ, जगातलं सगळ्यात स्वच्छ काहीच-नाही. संध्याकाळी आई चष्मा लावून ते टोचेल. उद्या बाबा वाळूची बाटली पायाला बांधतील. परवा गच्चीवर चहा. कुणाचं काय बिघडलं? आणि त्यावर कागद कुठला गुंडाळायचा? तोच. सहीसुद्धा नवी करायला नको. ती या कल्पनेभोवती बराच वेळ फिरत राहिली, दाराला कान लावून आत कोण आहे याचा अंदाज घ्यावा तशी. कुणीही तिला चूक म्हटलं नसतं. अजेयने तर गुपचूप बाटल्या भरूनही दिल्या असत्या. बाबा तिच्या नावावर चालत राहिले असते, आणि ती प्रत्येक रविवारी कर्जतला जाऊन त्यांना चालताना बघत राहिली असती आणि एक दिवस त्यांनी विचारलं असतं, काय गं, हे नेमकं करतं काय? मग तिने सांगितलं असतं, काहीतरी. आणि मग पुढे कायम काहीतरी. तिच्या लक्षात आलं की तिला भीती बाबा पुन्हा बसतील याची आहेच, पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. पेप्टाइड रिकामं निघालं ते निघालं, उद्या बाबांच्या घरात आपलं नाव रिकामं निघायला नको. आपण किती चांगल्या मनाने ते रिकामं केलं हे सांगायलाही तिथे जागा नव्हती. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. कल्पना जशी आली तशी गेली नाही, हळूहळू विरली, आणि गेल्यावर तिला हलकं वाटायच्या ऐवजी नुसती भूक लागली.

एवढ्यात सुनंदा उठली. गजर आसावरीला काचेबाहेर ऐकू आला नाही, पण सुनंदाची पाठ ताठ झालेली दिसली. आधी तिने नुसत्या पाण्याची नळी उलटी केली. ओघळलं. बरोबर. मग मुद्दाम घाण घातलेली नळी. ती गोठली होती. तेही बरोबर, म्हणजे चाचणी नीट झाली होती. मग क्रमांकाची पहिली नळी. आसावरीची बोटं ओठांशी गेली. सुनंदाने नळी दोन बोटांत धरून अलगद फिरवली, जशी एखादी बाई झोपलेल्या पोराची मान उशीवर वळवते तशी, आणि उजेडात धरली. तिने पुढची उचलली. मग तिच्या पुढची, पातळ केलेल्या द्रावाची. पाठीवरून काहीच कळत नव्हतं. शेवटी तिने बादली पायाने बाजूला सरकवली आणि दार उघडून बाहेर आली.

"धरलंय मॅडम," ती म्हणाली. "सगळ्या बाटल्यांचं धरलंय. पातळ केलेल्यात पन. लई घान हाय. कुनाला टोचत नायत ना हे?"

"माझ्या बाबांना," आसावरी म्हणाली.

हातमोजे काढून सुनंदाने आसावरीच्या शेजारी बसकण मारली. एरवी ती कधी बाकावर बसत नसे. "मला आदी का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू प्रत्येक नळी दोनदा बघितली असतीस."

"मी दोनदाच बघते ओ. कुनाचीबी असली तरी." ती थोडी रागावली होती. मग म्हणाली, "आता ताप नाय ना? मग हे सालांचं इष तेवढ्यापुरतंच असतंय, उतरलं की उतरलं. पुढची सुई नाय गेली ना, झालं तर. रक्त तेवढं तपासून घ्या." हे सगळं आसावरीला माहीत होतं. तिनेच नवीन लोकांना ते शिकवलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मग आसावरी म्हणाली की उद्यापासून आपल्या रिपोर्टवर काय तपासलेलं नाही ते वर येईल, मोठ्या अक्षरात, मराठीत, सहीच्याही वर, आणि कापायचंच झालं तर सही कापावी लागेल असं. "अजेय सर वैतागतील," सुनंदा म्हणाली. "वैतागू दे," आसावरी म्हणाली. ठाण्याच्या माणसाबद्दल औषध प्रशासनाला आजच कळवायचं, हेही ठरलं. मग सुनंदा उठली आणि जाता जाता तिने लाल बादली आसावरीच्या बाकासमोर आडवी ठेवून दिली, कुणी मधे येऊ नये म्हणून.

बाबांनी फोन पहिल्याच रिंगला उचलला. म्हणजे फोन हातातच होता.

"बसलात का?"

"बसलोच आहे. दुसरं काय करणार?"

"बाटल्या तपासल्या बाबा. मी नाही, दुसऱ्यांनी."

"बरोबर केलंस," बाबा लगेच म्हणाले. "घरचा गडी."

घाईने, थांबलं तर बोलता येणार नाही म्हणून, तिने सांगून टाकलं. त्यात औषध नाही. कमी आहे असं नाही, नाहीच. साखरेसारखी एक भुकटी आहे आणि घाण आहे, आणि दोनदा हुडहुडी भरली ती त्या घाणीची. आता एकही सुई घ्यायची नाही.

"आणि सही?"

"सही माझीच आहे. पण ज्या बाटलीवर केली ती वेगळी होती. आणि मी तिच्यातही एकच गोष्ट तपासली होती. बाकीचं बघितलेलं नाही, असं खाली बारीक लिहिलं होतं, ते कुणीतरी कापलं. मी ते वर, मोठं लिहायला हवं होतं बाबा. कुणी विश्वासाने वाचेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं."

पलीकडे पंख्याची घरघर, लांब स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज. मग बाबांनी अगदी पंचांच्या आवाजात, बाजू समजून घेतल्यासारखं विचारलं, "मधेच खराब झालं असेल? आधीच्या बाटल्या बऱ्या असतील?"

"सगळ्या एकाच लॉटच्या आहेत. आई पेटी जपून ठेवते ना, तिच्यावर नंबर आहे. पहिल्या दिवसापासून नव्हतं काही."

"पहिल्या दिवसापासून नव्हतं."

"नव्हतं."

"मग मी वर चढलो कशाने?"

आसावरीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत तिला कुणी इतका महत्त्वाचा प्रश्न विचारला नव्हता. "ते आमच्याकडे तपासता येत नाही बाबा," ती म्हणाली. "औषधाने नाही, एवढं मात्र लिहून देते."

"सहीनिशी?"

"सहीनिशी. पूर्ण नावाने."

तिला खुर्ची दिसत होती, खिडकी दिसत होती, बाबांचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर दिसत होते. आपण त्यांच्या हातातलं होतं नव्हतं ते काढून घेतलं असं वाटून तिने डोळे मिटले.

"ऐक," बाबा म्हणाले. "तुझ्या सहीवर टोचून घेतलं. आता तुझ्या सहीवर सोडतो. फोन ठेवू नकोस."

खुर्ची कुरकुरली. मग आईचा आवाज, "अहो, कुठे निघालात? काय म्हणाली ती? अहो, काठी!" मग फोन बहुधा सदऱ्याच्या खिशात गेला, कारण सगळं कापडातून ऐकू येऊ लागलं. एक पाऊल. श्वास. हाताने कठडा थोपटल्याचा आवाज. पुन्हा पाऊल, आणि बराच वेळ काहीच नाही, इतका वेळ की आसावरी बाकावरून उठून उभी राहिली. "येऊ का हाताला धरायला?" आईने खालून विचारलं. "मधे येऊ नकोस," बाबा म्हणाले, धापा टाकत, आणि पाऊल वाजलं. मग दुसरं, जरा घाईचं. कडी काढल्याचा खटका झाला, आणि मग फोनमध्ये नुसता वारा, फडफडणारा, मोठा, आणि त्यातून बाबांचा श्वास खाली येत येत जागेवर आला.

"हं," ते म्हणाले. "आलो वर. आता सांग, त्या स्वप्नीलच्या गुडघ्याचं काय करायचं?"